टाचलेलीला हाक मारायची नाही

चूक तुमची आहे, साहेब, आणि ती तुम्ही समजून-उमजून केलेली आहे. तक्रार समितीच्या मागच्या बैठकीत तुम्ही मला विचारलंत, "तुम्ही मास्तरांना थांबवलंत का?" मी म्हटलं, नाही. "ओरडलात? लोक गोळा केलेत? निदान मास्तरांना दोन शब्द तरी सुनावलेत?" मी म्हटलं, नाही, नाही, नाही. आणि तुम्ही पेनाला टोपण लावलंत. ते टोपण लावताना जो आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे, दारं लावून घेतात ना तसा. थांबवणं म्हणजे काय याचं चित्र तुमच्या डोक्यात आधीपासून टांगलेलं होतं. त्यात कुणीतरी गचांडी धरतं, खुर्ची पडते, आरडाओरडा होतो, रक्तबिक्त येतं. माझ्या सांगण्यात खुर्ची पडली नाही. म्हणून तुमच्या लेखी काही घडलंच नाही. शेजारी बसलेल्या मॅडमनी तर कमाल केली. त्या जरा पुढे झुकून मला म्हणाल्या, "तुमच्या वयाच्या बाईनं जरा दम द्यायला हवा होता, नाही का?" माझ्या वयाच्या बाईनं काय काय द्यायला हवं होतं, मॅडम, याचा हिशोब फार मोठा आहे, तो तुमच्याच्यानं व्हायचा नाही.

आज परत बोलावलंय. कारखान्याच्या वरच्या मजल्यावरची ही खोली, एरवी बाहेरचे व्यापारी आले की उघडतात. काचेचं टेबल, त्यावर कुणाच्या तरी ओल्या बोटांचे ठसे, आणि यंत्रातून येणारी अशी गार हवा की खाली दिवसभर इस्त्रीच्या वाफेत बसणाऱ्या माणसाला हुडहुडी भरावी. भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर आम्ही. मी, माझ्या शेजारी मीडियम, आणि दाराशी मास्तर. मास्तरनं आज कडक इस्त्रीचा शर्ट घातलाय. इस्त्री आमच्यातल्याच कुणीतरी केली असणार. मीडियमचे हात मांडीवर, एकावर एक, आणि वरचा हात खालच्या हाताला दाबून धरतोय, जसं कुणी जनावराला धरावं. तिनं जे सांगायचं ते सांगून झालंय. माझं सांगून झालंय. आता राहिला फक्त आमचा कापड कापणारा दादा, कारण त्याच्या टेबलावरून माप बघायचा आरसा सरळ दिसतो. तो काय म्हणतो त्यावर सगळं. तो "नाही दिसलं" म्हणाला की तक्रार फाइलबंद, आणि सोमवारी सकाळी ही पोरगी परत त्याच आरशापुढे, त्याच मास्तरच्या हाताखाली, कोट घालून उभी. पोरगी म्हणतो आपण, पण सव्वीस वर्षांची बाई आहे, तिचं स्वतःचं घर आहे, घरात आजारी सासू आहे, आणि नोकरी सोडून चालणार नाही.

तिला मीडियम का म्हणतात ते तुम्ही मागे हसत हसत विचारलं होतंत. आम्ही मोठ्या दुकानांसाठी कोट, जाकिटं, गणवेश शिवतो. शेकड्यानं माल कापायच्या आधी एक नमुना शिवायचा आणि तो जिवंत माणसावर चढवून बघायचा, ही रीत. पुतळ्यावर सगळं छान बसतं, पुतळा श्वास घेत नाही. ही आली तेव्हा बटणांच्या मशीनवर आली होती. मास्तरनं एकदा सहज टेप टाकून बघितली आणि ओरडलाच, "अरे, ही तर आपली मीडियम!" छाती, कंबर, मुंढा, सगळं कागदावरच्या मापाला चिकटून. तेव्हापासून नाव पडलं. ती पण हसायची. म्हणायची, "सासूला सांगितलं मी, घरात तुम्ही लार्ज असाल, कारखान्यात माझ्या मापानं चालतं." अशी होती. होती म्हणायला नको, आहे. पण त्या दिवसानंतर तिनं असलं काही बोललेलं मी ऐकलेलं नाही.

आणि आमच्याकडचा नियम असा, साहेब, की टाचलेल्या माणसाला हाक मारायची नाही. अंगावर नमुना चढला, मास्तरनं तोंडातल्या टाचण्या काढून बाहीला, कुशीला, पाठीला लावायला सुरुवात केली, की माणसानं हलायचं नाही आणि दुसऱ्यानं त्याला हलवायचं नाही. हाक मारली की माणूस वळतो, वळला की टाचणी सरकते, सरकली की रेघ चुकते, आणि त्या चुकलेल्या रेघेवर पुढचा सगळा माल चुकतो. म्हणून नमुना चालू असताना आमच्याकडं कुणी विनोद करत नाही, कुणी शिंकलं तरी मास्तर आईवरून शिवी घालतो. ती हलली का नाही, असं तुम्ही तिला विचारलंत. वर्षभर तिला न हलायचाच पगार मिळतोय. तिच्या हाडात भरलंय ते. आणि हाच नियम मास्तरनं बरोबर ओळखून वापरला. मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा, की त्यानं अंधार शोधला नाही, कोपरा शोधला नाही, दार लावलं नाही. भर दुपारी, मशीनं चालू असताना, चाळीसभर माणसांत, त्यानं आमचं कामच पडद्यासारखं ओढून घेतलं.

मी खिडकीपाशी बसते, उजेडाला. माझं काम हातशिलाईचं, कोटाची खालची कड, अस्तराची टोकं, जिथं मशीन जात नाही तिथं मी. मान वर केली ती सुई ओवायला. सुई ओवताना माणूस उजेडाकडं बघतो, आणि त्या दिवशी उजेड आरशात होता. आरशात मीडियमचा चेहरा दिसला. चेहऱ्यावर काही नव्हतं. हे "काही नव्हतं" मी कसं सांगू तुम्हाला? घरातली सगळी भांडीकुंडी उचलून नेल्यावर रिकामी खोली दिसते, तसं. मग मी खाली बघितलं. कोटाच्या आत मास्तरचा हात होता आणि तो हात जिथं होता तिथं कुठलंही माप घेत नाहीत. दुसऱ्या हातानं तो पाठीवरची टाचणी नीट करत होता. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळं ओठ असे मिटलेले, कामात बुडालेल्या माणसासारखे. कुणी फोटो काढला असता तर त्याला उत्तम कारागीर म्हणून बक्षीस दिलं असतं. तेवढ्यात कापायचं मशीन थांबलं. ते मशीन थांबलं की कारखान्यातला अर्धा आवाज संपतो. मी दादाकडं बघितलं. दादा आरशाकडं बघत होता. धिप्पाड माणूस, एका हातात लोखंडी जाळीचा हातमोजा, पात्यानं बोटं जाऊ नयेत म्हणून घालतात तो. त्याची नजर आरशात, माझी नजर त्याच्यावर. मला वाटलं, झालं, हा आता निघाला. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि दादानं मान खाली घातली आणि मशीन परत चालू केलं.

तो आवाज परत सुरू झाला तेव्हा मला जे झालं त्याला नाव नाही. समोर शिलाईच्या रांगेत बायका होत्या. कुणाची मान आणखी खाली गेली, कुणाचा पाय मशीनच्या पायडलवर आणखी जोरात पडला. नंतर मोरीपाशी हात धुताना त्यातलीच एक मला कुजबुजून म्हणाली, "बरं केलंस गं बाई." मी म्हटलं, तू बघितलंस? ती म्हणाली, "मी धाग्यात बघत होते." म्हणजे बघितलं. पण ते नंतरचं. तेव्हा माझ्या तोंडातून माझा आवाज निघाला, आणि तो इतका गोड होता की मला अजून त्याची किळस येते. "अगं मीडियम, जरा इकडं उजेडात ये बाई, खालच्या कडेची उंची बघायची राहिली!" असं, गाणं म्हटल्यासारखं. नुसती हाक मारून थांबले नाही. उठले, गेले, मास्तरकडं न बघता तिचा हात धरला आणि तिला खिडकीशी आणलं. तिचा हात गार होता आणि ओला होता. चालताना टाचण्या तिला टोचल्या असणार, कमरेवर ओरखडा होता, मी नंतर बघितला. खिडकीपाशी तिला उभी करून मी खाली बसले आणि कोटाची कड हातात धरली. ती कड मी सकाळीच शिवून पुरी केली होती. तिथं बघायचं काही नव्हतं. मी ती बघत बसले. वर ती उभी, खाली मी, आणि दोघी काम करतोय. आणि मास्तर, जो नुसत्या शिंकेवर आई काढतो, तो टाचलेल्या माणसाला मी ओढून नेलं तरी ओरडला नाही. "असू दे, बघा तुम्ही," एवढंच म्हणाला. टाचण्या तोंडातून काढून. शांतपणे.

हा गोड आवाज कुठून आला ते मला त्याच संध्याकाळी कळलं, घरी, गॅसपाशी उभी असताना. तो माझ्या आईचा होता. लहानपणी आमच्याकडं वडिलांचे एक मित्र यायचे, फार जिव्हाळ्याचे, येताना पोरांना गोळ्या आणायचे. ते आले आणि मी किंवा माझी बहीण बाहेरच्या खोलीत एकटी राहिलो की आतून आईची हाक यायचीच. "अगं, दूध बघ गं जरा!" धावत आत जावं तर गॅस बंद. दूध कपाटात. आई म्हणायची, "आता आलीच आहेस तर डाळ निवड." मला वाटायचं ही बाई विसराळू आहे. वडील तर पाहुण्यांसमोर थट्टा करायचे, "आमच्या घरी दूध रोज उतू जातं, न तापवताच." आणि ते काका सगळ्यात मोठ्यानं हसायचे. आई पण हसायची. तिनं त्या माणसाला एका शब्दानं दुखावलं नाही, वडिलांना काही सांगितलं नाही, आम्हालाही नाही. कामं काढत राहिली. टॉवेल आण, चष्मा शोध, शेजारच्यांचा डबा देऊन ये. असल्या खोट्या कामांनी तिनं आम्हा दोघींना त्या खोलीतून किती वेळा उचललं असेल ते देवाला ठाऊक, आणि त्याची गोष्ट कुणी कधी सांगितली नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय? एका बाईनं पोरीला डाळ निवडायला बोलावलं.

याउलट माझा भाऊ. भावानं तरुणपणी एकदा बसच्या रांगेत बहिणीला धक्का मारणाऱ्याच्या थोबाडीत दिली. एकदा. त्याचे आता केस गेलेत, गुडघे गेलेत, पण ती थोबाडीत अजून ताजी आहे. कुणीही घरी येऊ दे, चहा पुढं आला की कुणीतरी म्हणतंच, "ते सांग रे, बसचं." तो उभा राहून करून दाखवतो. मला त्याचा राग नाही, बहिणीला त्या दिवशी बरंच वाटलं होतं. पण त्याच रांगेत आई पण होती, आणि भावाचा हात उठायच्या आधीच तिनं बहिणीला ओढून आपल्या पुढं घेतलं होतं. भाऊ करून दाखवतो त्यात आई नसते. नवऱ्याला मी कारखान्यातलं सांगितलं तेव्हा त्यानं ताट बाजूला सरकवलं. "मी असतो ना, दोन ठेवून दिल्या असत्या तिथल्या तिथं." मी म्हटलं, तू नव्हतास. तो म्हणाला, "तेच म्हणतोय, मी असायला पाहिजे होतो." मी म्हटलं, जे जे तिथं नव्हते ते सगळे मारणार होते. जे होते ते कापड कापत होते. त्यावर तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "पण तू कशाला मध्ये पडलीस? उद्या तुझ्यावर उलटलं म्हणजे?" एका ताटावर दोन्ही. मध्ये पडावं पुरुषानं, तर ते शौर्य. बाईनं पडलं तर ते मध्ये पडणं.

दादा वाईट माणूस नाही, हेच तर. माझा पाय मुरगळला होता तेव्हा मला पाठीवर घेऊन जिना उतरला हा माणूस. "ताई, तुम्ही कापसाचं पोतं आहात, उगाच लाजू नका," म्हणत. चहाच्या सुट्टीत तोच पेपर मोठ्यानं वाचतो. कुठं कुणा बाईवर काही झाल्याची बातमी आली की त्याचा आवाज चढतो. "असल्यांना भर चौकात उलटं टांगायला पाहिजे. तिथं एक मर्द नव्हता का रे?" आणि सगळे माना डोलावतात. मास्तर पण. त्या दिवसानंतर दादा पेपर वाचत नाही. जेवणाचा डबा घेऊन मागं गोदामात जातो. मी एकदा गाठलं त्याला. म्हटलं, दादा, तू सांगणार आहेस ना? तो डब्यात बघत म्हणाला, "ताई, बारा वर्षं मी मास्तरच्या हाताखाली आहे. बाकीचे काय म्हणतील? एका हात लावण्यावरून उस्तादाला खाली पाडला, असं म्हणतील. बाईच्या नादी लागला म्हणतील. तिचं माझं काहीतरी आहे म्हणतील." मी म्हटलं, आणि माझं काय म्हणतात ठाऊक आहे का तुला? म्हणतात, म्हातारीला मास्तरनं कधी बघितलं नाही म्हणून जळते. तो हसला, आणि हसल्यावर त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. घास तसाच डब्यात ठेवला. त्याला भीती होती. मला पण होती. भीती सारखीच होती, साहेब, फक्त त्याच्या भीतीला मान खाली घालायची सोय होती. त्याला कुणी विचारणार नव्हतं की तुझ्या वयाच्या माणसानं दम का दिला नाहीस. आणि खरंच बघा, तुम्ही दोघांनी आजपर्यंत त्याला ते विचारलेलं नाही.

दार उघडलं. दादा आत आला तसा खोलीतला उजेड कमी झाल्यासारखा वाटला, एवढा मोठा. खुर्चीवर बसला नाही, खुर्चीला धरून उभा राहिला. मीडियमचा वरचा हात खालच्या हातावर आणखी घट्ट झाला. मास्तर खाकरला. तुम्ही टोपण काढलंत.

"त्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"टेबलावर. कापड अंथरलेलं होतं."

"तिथून आरसा दिसतो?"

"दिसतो. म्हणजे, बघितलं तर दिसतो."

"मग काही वावगं दिसलं?"

दादानं मास्तरकडं बघितलं नाही. माझ्याकडं पण नाही. टेबलाच्या काचेवरच्या त्या बोटांच्या ठशांकडं बघत म्हणाला, "मी खाली मान घालून काम करणारा माणूस आहे साहेब."

"म्हणजे नाही," तुम्ही म्हणालात, आणि तुमचं पेन चाललं. मीडियम श्वास घेत नव्हती, तिला ते चांगलं जमतं. मग तुम्हाला काय वाटलं कुणास ठाऊक, तुम्ही जरा मोकळे झालात, खुर्चीत मागं टेकलात, मॅडमकडं बघून हसलात आणि दादाला म्हणालात, "मी तेच म्हणतोय यांना. तुमच्यासारखा असा पहाडासारखा माणूस समोर उभा असताना असलं काही होईलच कसं? झालं असतं तर तुम्ही काय गप्प बसला असतात?"

दादाची मान वर आली. कान लाल झाले. तो आता कुणाशी बोलत होता ते मला कळलं नाही. तुमच्याशी, माझ्याशी, का चहाच्या वेळी पेपर ऐकणाऱ्या सगळ्यांशी. "छे! गप्प बसणाऱ्यातला नाही मी," तो म्हणाला. "कुणालाही विचारा."

"तेच तर."

"नाही, पण ताई होत्या ना तिथं," दादा म्हणाला, घाईघाईनं, जसं कुणी पडताना हाताला लागेल ते धरावं. "बाईमाणूस आधीच गेलं म्हटल्यावर मी कशाला जायचं? बायकांचं बायका बघतात. ताई गेल्या, म्हणून मी गेलो नाही."

"ठीक आहे," तुम्ही म्हणालात. "म्हणजे तुम्हाला काही दिसलं नाही. या तुम्ही." आणि टोपण हातात घेतलंत. मॅडमचं पेन मात्र कागदावर थांबलेलं होतं. त्या दादाकडं बघत होत्या, मग माझ्याकडं. त्यांनी ऐकलं होतं. दाराकडं वळलेला दादा मध्येच थांबला, पाठमोरा, जणू त्याला स्वतःचंच वाक्य आता ऐकू आलं असावं.

मी उभी राहिले. आवाज गोड नव्हता. माझा होता, चिरका, घशातून खरवडून निघालेला, आणि तो एवढा मोठा निघेल हे मला पण माहीत नव्हतं. "साहेब, त्याला जाऊ देऊ नका."

"बसा बाई. तुमचं सांगून झालंय."

"माझं झालंय. त्याचं व्हायचंय. तो म्हणाला, ताई गेल्या म्हणून मी गेलो नाही. तुमच्या समोर म्हणाला, मॅडमनी ऐकलंय."

"आवाज खाली करा."

"नाही करत. दादा, वळ इकडं. माझ्याकडं नको बघू, तिच्याकडं बघ. आणि साहेब, तुम्ही ते टोपण बाजूला ठेवा आणि विचारा त्याला. विचारा, की आरशात काही घडतच नव्हतं, मास्तर नुसता कोट बसवत होता, तर तिथं कुणीतरी जायला पाहिजे हे याला कसं कळलं? मी गेल्यावर याच्या डोक्यावरचं कुठलं ओझं उतरलं? जायचं होतं ते कशाला? विचारा. तो उत्तर देईपर्यंत मी इथं उभी आहे."